उतारा कशावर?

इंग्रजीच्या पेपरात समानार्थी शब्दांचा प्रश्न आला की आपण सगळे निर्धास्त होतो. काउंटरॅक्ट, ऑफसेट, न्यूट्रलाइझ, कॉम्पेन्सेट, कॅन्सल. गाइडमध्ये हे सगळे एकाच रांगेत उभे असतात आणि समोर मराठीत साधारण एकच अर्थ छापलेला असतो, 'परिणाम नाहीसा करणे'. एकाच्या जागी दुसरा लिहिला तरी गुण मिळतात. परीक्षेपुरतं ते चालतंही. पण हेच शब्द औषधाच्या कागदावर किंवा सरकारी अहवालात भेटले, तर त्यांना एका रांगेत उभं करणं महागात पडू शकतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. ते कशामुळे झालं, ते सांगते.

आमचं घर फोंडा तालुक्यातलं. गोव्यातल्या बऱ्याच घरांसारखं आमच्याकडेही बोलणं कोकणीत, वाचणं आणि देवाधर्माचं सगळं मराठीत आणि आजारपण इंग्रजीत. म्हणजे आजाराला भाषा नसते, पण त्याचे कागद इंग्रजीत येतात. आजीच्या हृदयाची एक झडप बदलून तिथे धातूची बसवली, तेव्हा इस्पितळातून फाइलभर इंग्रजी आमच्या घरात आलं. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून एक गोळी कायमची सुरू झाली. तिचं नाव वॉरफरिन. तिला आपण 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणतो. खरं तर रक्त पातळ होत नाही, ते गोठायला जास्त वेळ लागतो, एवढंच. हा वेळ मोजायला आय.एन.आर. नावाची रक्ततपासणी असते. ही गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा 1 च्या आसपास असतो. आजीचा 2.5 ते 3.5 च्या मध्ये राहावा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कमी झाला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची.

मी तेव्हा पणजीला शिकायला राहत होते, घरी यायचे ते शनिवार-रविवारी. मधल्या काळात आत्याने कुठूनसं ऐकलं की पालेभाजी ही गोळी मारून टाकते. झालं, तांबडी भाजी बंद. ज्यांना तांबडी भाजी म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी : मराठीतला लाल माठ. कांदा, हिरवी मिरची आणि वरून ओलं खोबरं. आजीच्या पानात ती एक दिवसाआड तरी असायचीच. आजीने मुकाट्याने सोडली. तीन आठवड्यांनी तिच्या दंडावर, काही लागलेलं नसताना, काळेनिळे डाग उठले आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तपासणीचा आकडा 5 च्या वर गेला होता. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "खाण्यात काय बदललं?"

घरी आल्यावर आजीने मला जे विचारलं ते मी अजून विसरले नाही. "अगो, भाजी जर वैरीण होती, तर ती सोडल्यावर मला बरं वाटायला पाहिजे होतं. मग हे काळंनिळं कसलं?"

प्रश्न अगदी चोख होता. त्याचं उत्तर शोधायला मी गोळीच्या पाकिटातलं ते बारीक अक्षरांचं माहितीपत्रक उघडलं. पालेभाज्यांबद्दलच्या वाक्यात क्रियापद होतं 'काउंटरॅक्ट'. आत्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचं 'मारून टाकते' झालं होतं. वाटेत किती तोंडं बदलली कुणास ठाऊक.

काउंटरॅक्ट म्हणजे उलट दिशेने काम करणं. त्यात कोण जिंकलं, कोण संपलं, हे सांगितलेलंच नाही. दोघंही कामावर आहेत आणि एकमेकांविरुद्ध ओढताहेत, एवढंच त्यात आहे. आपलं यकृत रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं, त्यासाठी त्याला 'के' जीवनसत्त्व लागतं. एकदा वापरलेलं 'के' शरीर पुन्हा वापरण्याजोगं करून घेतं. वॉरफरिन नेमकं तिथे अडथळा आणतं. पालेभाजीतून नवं 'के' आलं की काम थोडं पुढे सरकतं. हिरव्या पानांत ते भरपूर असतं आणि लाल माठातही. म्हणजे गोळी एका बाजूने दोर ओढते, भाजी दुसऱ्या बाजूने. डॉक्टर गोळीचा डोस ठरवतात तेव्हा भाजीची ओढ धरूनच ठरवतात. रस्सीखेचीत एका बाजूने अचानक दोर सोडला तर दुसरी बाजू जिंकत नाही, पाठीवर आपटते. आजीचं तेच झालं होतं.

डॉक्टरांनी डोस पुन्हा बसवला आणि भाजी परत सुरू करायला सांगितली. अट एकच : जेवढी खाता तेवढी दर आठवड्याला सारखी खा, एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका. मी एका जाड कागदावर मराठीत लिहून फ्रिजवर लावलं, 'भाजी गोळीच्या उलट ओढते, म्हणून भाजीचं माप बदलायचं नाही.' 'काउंटरॅक्ट'चं मी आजवर केलेलं हेच सगळ्यात चांगलं भाषांतर असावं. कोशात ते सापडणार नाही.

या गोळीचा इतिहासही याच क्रियापदाभोवती फिरतो. 1920 च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या भागात गुरं एकाएकी रक्तस्राव होऊन मरू लागली. त्यांनी स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचं बुरशी आलेलं वाळलं गवत खाल्लं होतं. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या गवतातलं रक्त गोठू न देणारं द्रव्य वेगळं काढलं. त्याच कुळातलं वॉरफरिन 1948 साली बाजारात आलं ते उंदरांचं औषध म्हणून. माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली 1954 साली. वॉरफरिन जास्त झालं तर त्यावरचा उतारा म्हणून इस्पितळात 'के' जीवनसत्त्वच देतात. म्हणजे आजीच्या पानातली भाजी ही एका अर्थी तिच्या औषधावरचा सौम्य उतारा आहे. विष, औषध, उतारा आणि भाजी हे सगळं एकाच दोरावर. हे कळल्यावर मला त्या रांगेतल्या बाकीच्या शब्दांची झोप लागू देईना.

पहिला घेतला कॉम्पेन्सेट. आजीची झडप बरीच वर्षं गळत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की गळती भरून काढण्यासाठी हृदय हळूहळू मोठं होत गेलं, दर ठोक्याला जास्त रक्त ढकलत राहिलं. याला वैद्यकीय इंग्रजीत 'कॉम्पेन्सेट' करणं म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून येतो, मुळात त्यात तराजू आहे : दोन गोष्टी एकत्र तोलणं. आपल्याकडे 'झीज भरून काढणे' म्हणतात ते जवळचं. पण यात गळती थांबलेली नसते. ती चालूच असते आणि तिचा खर्च दुसरं कुणी तरी भरत असतं. इथे तो हृदयाचा स्नायू भरत होता. एक दिवस त्याची ऐपत संपते. त्याला डॉक्टर 'डीकॉम्पेन्सेट' झालं म्हणतात. तोवर आजी विहिरीचं पाणी काढत होती, चतुर्थीला पन्नास माणसांचं जेवण रांधत होती आणि आम्ही म्हणत होतो, आजी कशी ठणठणीत आहे बघा. कुणी तरी निमूट भरपाई करतंय म्हणून सगळं ठीक दिसतं, असं घराघरांतून होत असतं. ते फक्त हृदयाच्याच बाबतीत होतं असंही नाही.

न्यूट्रलाइझ हा वेगळ्याच स्वभावाचा शब्द. लॅटिनमध्ये 'न्यूटर' म्हणजे दोघांपैकी कुणीच नाही. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. आम्ल उरत नाही, आम्लारीही उरत नाही. शालेय विज्ञानात याला 'उदासिनीकरण' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, बिचारं आम्ल उदास झालं असणार. रस्सीखेचीत दोन्ही बाजू टिकतात, इथे दोन्ही आपापलं रूप सोडतात. शिवाय हा शब्द माप मागतो. आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी असतं. त्याच्या माहितीपत्रकात सांगितलेलं असतं की 1 मिलिलिटर प्रतिविष नागाचं 0.6 मिलिग्रॅम विष न्यूट्रलाइझ करतं. किती, कशाचं, कशाने, सगळं एका वाक्यात.

आपला शब्द आहे 'विष उतरणे'. मराठीत ताप चढतो, नशा चढते, विष चढतं. आणि जे चढतं ते उतरतं. त्यावरून 'उतारा'. शब्द सुंदर आहे, मला फार आवडतो. पण सर्पदंशाच्या बाबतीत त्याच्यावर विसंबणं धोक्याचं. चढलेलं विष मंत्राने आल्या वाटेने खाली उतरवता येतं, असं चित्र तो शब्द डोळ्यांपुढे उभा करतो, आणि त्या चित्रापायी आजही माणसं इस्पितळाऐवजी मांत्रिकाकडे नेली जातात. विष उतरत नाही. प्रतिविषातले घटक त्याला जखडतात आणि निकामी करतात. तोवर झालेली इजा मात्र तशीच राहते, तिच्यासाठी न्यूट्रलाइझ हे क्रियापद नाही. म्हणून तर वेळेला एवढं महत्त्व.

कॅन्सल या शब्दात जाळी लपलेली आहे. लॅटिनमध्ये 'कँसेल्ली' म्हणजे जाळीदार कठडा. हस्तलिखितातला मजकूर रद्द करायचा तर त्यावर आडव्यातिडव्या रेघा मारत, ती जाळीसारखी दिसे. आपण 'काट मारणे' म्हणतो तेच. जुन्या चर्चमध्ये वेदीचा भाग अशाच कठड्याने वेगळा केलेला असे, म्हणून त्याचं नाव चॅन्सेल. आणि त्याच कुळातून आले आपल्या विद्यापीठाचे चान्सलरसाहेब. काट मारलेलं अक्षर खालून वाचता येतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणखी एक गोष्ट गणिताच्या बाईंनी आठवीत डोक्यात बसवली होती : अंशातला पाच आणि छेदातला पाच डोळ्यांना सारखा दिसला म्हणून काटायचा नाही. सामाईक अवयव असेल तरच काटायचा. वरच्या पाचात दुसरं काही मिळवलेलं असेल तर काट मारणं चूक.

आता उरला ऑफसेट. आपण हा शब्द लग्नपत्रिका छापतात त्या छपाईमुळे ओळखतो. त्या यंत्रात शाई प्लेटवरून थेट कागदावर जात नाही. आधी रबराच्या पत्र्यावर उतरते आणि तिथून कागदावर. हिशेबातला ऑफसेट म्हणजे एका नोंदीसमोर दुसरी उलटी नोंद. दोन्ही नोंदी वहीत राहतात, शून्य होते ती फक्त बेरीज.

स्वयंपाकघरात हा फरक लगेच कळतो. आमटी तिखट झाली की आई कधी नारळाचा रस वाढवते. मिरची तेवढीच राहते, पण प्रत्येक घासात कमी येते. कधी ती गूळ घालते. गुळाने मिरचीचा एक कणही कमी होत नाही. जिभेवर तिखटही असतं आणि गोडही, आणि आपण म्हणतो 'तिखट मारलं'. हे ऑफसेट. आणि कधी आई काही न करता वाटीत दही वाढून बाजूला ठेवते. आमटी तशीच, पण खाणाऱ्याची सोय होते. तिन्हींना आपण एकच क्रियापद वापरतो, पण तिखट प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी गेलेलं असतं.

इथे मला अकरावीच्या भौतिकशास्त्रातला एक जुना पेच सुटला. क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात, मग त्या एकमेकींना रद्द का करत नाहीत? करत असत्या तर जगात काहीच हललं नसतं. उत्तर असं की त्या दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. मी भिंतीला ढकलते ते बळ भिंतीवर, भिंत मला ढकलते ते माझ्यावर. रद्द व्हायला दोन्ही बळं एकाच वस्तूवर लागतात. वॉरफरिन आणि 'के' जीवनसत्त्व एकाच शरीरातल्या एकाच कामावर ओढतात, म्हणून तिथे खरा सामना आहे. बाईंचा सामाईक अवयव तो हाच.

ही कसोटी हातात घेऊन आपल्याच राज्यातल्या एका विषयाकडे बघावंसं वाटतं. 2020 साली मोलेच्या जंगलातून, म्हणजे भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून जाणारे तीन प्रकल्प गोव्यात गाजले : रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि उच्च दाबाची वीजवाहिनी. त्या नोव्हेंबरात चांदर गावी रात्री रेल्वेरुळांवर लोक जमले होते. त्या काळात झाडं तोडण्याविषयी बोलणं निघालं की एक वाक्य हमखास ऐकू यायचं, 'बदल्यात दुसरीकडे झाडं लावतील ना!' ही कायद्यातलीच पद्धत आहे. वनजमीन दुसऱ्या कामासाठी दिली की दुसरीकडे लागवड करायची. इंग्रजीत तिच्या नावात 'कॉम्पेन्सेटरी' हा शब्द आहे, मराठी कागदांत तिला 'पर्यायी वनीकरण' म्हणतात. त्यासाठीच्या निधीचा स्वतंत्र कायदा 2016 साली झाला.

आता विचारायचं : कशावर? हवेतल्या कार्बनपुरतं बोलायचं तर ऑफसेट हा शब्द निदान तर्काला धरून आहे. कार्बन डायऑक्साइड कुठेही सोडला तरी तो सगळ्यांच्या एकाच वातावरणात मिसळतो, त्यामुळे इथली भर आणि तिथली घट एकाच वहीत मांडता येते. झाडं खरंच जगली का, किती वर्षांनी मोठी झाली, हे प्रश्न राहतात, पण वही एक असते. मोलेतल्या शेकरूचं तसं नाही. त्याचं घरटं उंच झाडांच्या फांद्यांत, त्याची वाट एका झाडावरून दुसऱ्या झाडावर. दुसऱ्या तालुक्यात लावलेली रोपं त्याच्या वहीत जमा होत नाहीत. मोलेतल्या झऱ्याच्या वहीतही होत नाहीत. एक नोंद या वहीत, उलटी नोंद त्या वहीत, आणि बेरीज मात्र कागदावर शून्य. रस्ते नकोत, वीज नको, असं मी म्हणत नाही. विजेच्याच उजेडात हे लिहिते आहे. एवढंच म्हणते की नुकसान सोसायचं ठरवलंच असेल तर ते 'सोसलं' असं लिहावं, 'भरून निघालं' असं लिहू नये. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या त्या टप्प्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. तिथे 'रद्द' हा शब्द अगदी बरोबर बसतो : ज्या कागदावर मंजुरी, त्याच कागदावर काट.

आपल्या मंडळात भाषांतराचं काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून शेवटी एक विनंती. मराठीत या बाबतीत शब्दांची ददात नाही. पित्त शमवतात, अळूची खाज चिंच किंवा सोलं घालून मारतात, कर्ज फेडतात, तूट भरून काढतात, धार बोथट करतात, साथीला आळा घालतात, शहाला काटशह देतात. यातल्या प्रत्येकात नुकसानाचं पुढे काय झालं, ते स्पष्ट सांगितलेलं आहे. शमलेलं पित्त पुन्हा उठू शकतं, फिटलेलं कर्ज पुन्हा मागता येत नाही. अडचण होते ती आपण या सगळ्यांना बाजूला सारून 'परिणाम नाहीसा करणे' असं एक गुळगुळीत वाक्य लिहितो तेव्हा. ते वाचायला सोपं, लिहायलाही सोपं, पण ते जवळजवळ प्रत्येक वेळी खोटं असतं, कारण परिणाम असा सहसा नाहीसा होत नाही.

म्हणून असं क्रियापद समोर आलं की मी आता लिहिण्याआधी कागदाच्या कडेला दोन प्रश्न लिहिते. हे काम कशावर होतंय, त्याच वस्तूवर की दुसऱ्याच? आणि झाल्यावर मूळ नुकसान कुठे आहे : संपलं, दबलं, की दुसऱ्या कुणाच्या खात्यावर गेलं? उत्तरं मूळ मजकुरात मिळाली तर मराठी शब्द आपोआप सापडतो. मिळाली नाहीत, तर मजकूर लिहिणाऱ्याला जाऊन विचारावं. तो डॉक्टर असला तरी विचारावं, सरकारी अधिकारी असला तरी विचारावं.